नाशिकचं चॉकलेट आणि वन्संची जीभ

ईस्टरच्या भेटींसाठी चॉकलेट आणायला आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीनं मला नाशिकला पाठवलं, ते मला चॉकलेटमधलं काही कळतं म्हणून नव्हे. मी ते खाणार नाही म्हणून.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस म्हणजे लेंट. या दिवसांत आमच्यात प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी चहा सोडून कॉफी धरतं, कुणी मालिका सोडल्याचं साऱ्या मंडळीत सांगतं आणि मोबाईलवर बघतं. मी गोड सोडते. साखर, गूळ, मध, चहातली साखरसुद्धा. अठ्ठावीस वर्षं झाली. यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी हा नेम बोलले होते. हे वाचले. पुढं चौदा वर्षांनी गेले ते दुसऱ्याच दुखण्यानं, पण देवानं त्याचा शब्द पाळला होता, तेव्हा मी माझा मोडायचं कारण नव्हतं. नेम दाखवण्यासाठी नसतो, असं पाळकसाहेब प्रवचनात सांगतात. मी कधीच दाखवला नाही. सगळ्यांना माहीत आहे इतकंच.

गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळानं नव्वद घरांना चॉकलेटची अंडी वाटली. खरेदीला गेलेल्या दोघींनी दुकानोदुकानी नमुने खाण्यात दुपार घालवली आणि संध्याकाळी घाईनं हाताला लागली ती अंडी उचलली. घरोघरी उघडली तेव्हा ती पांढरी पडलेली. पाळकीणबाईंनी भर उपासनेनंतर विचारलं, "ही वरून पिठीसाखर आहे का बुरशी?" म्हणून यंदा ठराव झाला, की हातानं केलेलं चांगलं चॉकलेट आणायचं, ते हल्ली नाशिकला मिळतं, आणि आणायला कुसुमबाईंनी जायचं, त्या निदान नमुने तरी संपवणार नाहीत. जी बाई खाणारच नाही ती चव कशी ठरवणार, हा प्रश्न एकीलाही पडला नाही. आमचं मंडळ ठरावाआधी प्रार्थना करतं आणि ठरावानंतर प्रार्थना करतं. मधल्या वेळात विचार करायची पद्धत नाही.

मला मात्र प्रश्न पडला होता. उत्तरही ठाऊक होतं आणि ते मला आवडत नव्हतं. उत्तर नाशिक रोडला राहत होतं. माझी थोरली नणंद, विमल.

नाशिक रोड

वन्संचे यजमान नोटांच्या प्रेसमध्ये होते. ते गेल्यापासून वन्सं तिथल्याच एका कॉलनीत, तळमजल्यावर एकट्या राहतात. वय एकाहत्तर. हुद्दा काहीच नाही, पण नाशिकात आमच्या लोकांचं लग्न निघालं की वन्संना न्यायला गाडी येते. मांडवामागं आचाऱ्यांजवळ त्यांची खुर्ची ठेवलेली असते. रश्श्याची पहिली वाटी त्यांच्या हातात देतात. वन्सं चमचाभर तोंडात घेतात, डोळे मिटतात आणि सांगतात, धणे जळालेत, किंवा खोबरं जुनं आहे. त्यांनी मान हलवल्याशिवाय पंगत बसत नाही. हा मान त्यांना कुणी दिला, कधी दिला, कुणालाच सांगता येणार नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या हातचा पहिला रस्सा त्यांनी असाच चाखला. मी तेव्हा सिव्हिलला नर्स होते. सोळा माणसं ताटावर बसलेली. वन्संनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "कुसुम इंजेक्शन फार छान देते म्हणे." सगळं घर हसलं. हेसुद्धा. एकेचाळीस वर्षं झाली, मी अजून हसलेली नाही.

तर अशा बाईच्या दारात मी पिशवी घेऊन उभी राहिले आणि काम सांगितलं. वन्संनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी? चॉकलेटं? अगं, मला त्यातलं काय कळतंय," त्या म्हणाल्या.

थोरा-मोठ्यांचा नम्रपणा हा आग्रह करून घेण्यासाठी असतो, हे मला पाठ आहे. मी आग्रह केला. त्यांनी तीनदा नाही म्हटलं, मी तीनदा गळ घातली. शेवटी म्हणाल्या, "प्रभाकरच्या मंडळीचं काम. नाही कशी म्हणू?" प्रभाकर म्हणजे हे.

जेवायला आमटी-भात होता. आमटीचा पहिला भुरका घेतला आणि मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. खारट म्हणजे नुसती खारट नाही, मीठ कालवून आमटी केली होती की आमटी कालवून मीठ, ते समजेना. वन्सं शांतपणे जेवत होत्या. खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, म्हातारी झाली वाघीण. एका शब्दानं बोलले नाही. उलट पुन्हा आमटी मागून घेतली आणि तांब्याभर पाणी प्यायले. असं सुख रोज मिळत नाही.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोड

नाशिकला आलेल्या माणसाला मिसळ खाल्ल्यावाचून सुटका नाही. आमच्या नगरला मिसळ बाकावर बसून खातात आणि उठतात. इथं त्यासाठी गावाबाहेर जावं लागतं. आम्ही गेलो तिथं झोके होते, बैलगाडी होती, फोटो काढायला रंगवलेली विहीर होती आणि एक उंट होता. मिसळ खायला आलेल्या माणसानं उंटावर का बसावं, हे मी वाढप्याला विचारलं. तो म्हणाला, "मुलांसाठी आहे, मावशी." वर तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते.

मिसळीबरोबर पापड देतात, ते बरं आहे. नवल वाटलं ते वन्संचं. जास्त तर्री म्हणजे आचाऱ्याची लबाडी, असं जन्मभर सांगत आलेल्या बाईनं तीनदा तर्री मागवली. नाक पुसत, डोळे पुसत त्या ती लाल आग खात होत्या. मी म्हटलं, "सोसेल का?" त्या म्हणाल्या, "हे बरं वाटतं."

पहिलं दुकान कॉलेज रोडला. पाटी इंग्रजीत, दार काचेचं, आत माघातली थंडी. दाढी राखलेला एक तरुण एप्रन बांधून उभा होता. त्यानं चिमट्यानं चॉकलेटचा एक कण उचलला. कणच. आमच्या वॉर्डात तेवढी अर्धी गोळी तान्ह्या मुलांना देत असत.

"आंटी, चावायचं नाही हं. जिभेवर मेल्ट होऊ द्या. फर्स्टला फ्रूट येईल, मग बॅकला थोडं लेदर, थोडा टोबॅको."

"चामडं आणि तंबाखू?" मी विचारलं.

"एक्झॅक्टली."

"हे दोन्ही आमच्याकडे एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर येतं. तिकिटातच असतं."

तो हसला नाही. हल्ली महाग दुकानातली माणसं हसत नाहीत, किमतीवर परिणाम होतो. वन्संनी तो कण तोंडात ठेवला, डोळे मिटले. मी वाट बघत होते. आता या पोराची काही धडगत नाही, असं वाटून मी जरा सावरून उभी राहिले.

"हो," वन्सं म्हणाल्या. "फळ येतंय आधी. मग चामडं."

माझा विश्वास बसेना. दुसरा कण आला. त्यानं सांगितलं, यात कॅरॅमल आहे. वन्संनी सांगितलं, कॅरॅमल आहे. तिसऱ्यात त्याला ओल्या मातीचा वास आला, वन्संनाही आला. जन्मात कुणाच्या मागून न बोललेली बाई त्या एप्रनवाल्याच्या मागून पाढे म्हटल्यासारखी म्हणत होती. मला वाटलं, दुकानाची थंडी आणि इंग्रजी यांना दबली बिचारी. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला चामडं कधीपासून आवडायला लागलं?" त्या म्हणाल्या, "ऊन फार आहे, रिक्षा बघ."

दुसरीकडे एक ससा होता. चॉकलेटचा, हातभर उंच, गळ्यात रिबन. मी विचारलं, "ईस्टरला ससा कशाला?" विकणारी मुलगी म्हणाली, "तो अंडी आणतो, मॅम." मी म्हटलं, "आमच्याकडे हे काम कोंबडीकडे आहे." आम्ही नगरला कांद्याच्या सालांत आणि बिटाच्या पाण्यात अंडी उकडून रंगवतो. ईस्टरला पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातो, तिथं उपासना होते, आणि उजाडल्यावर पोरं ती अंडी एकमेकांवर आपटून फोडतात. ज्याचं शेवटपर्यंत टिकलं तो वर्षभर मिरवतो. यात सशाला कुठं जागा करून द्यावी, मला सुचेना.

त्याच दुकानात एका अंड्याला डबी, डबीला खोका, खोक्याला पिशवी आणि पिशवीला चिठ्ठी होती. आतलं अंडं शोधायला माणूस गुड फ्रायडेला बसला, तर सापडेपर्यंत ईस्टर उजाडायचा.

तिसरी जागा गंगापूर रोडच्या पुढं, द्राक्षमळ्यात. तिथं चॉकलेट आणि वाईन जोडीनं देतात. एक घोट, एक तुकडा, मग डोंगराकडे बघायचं. शेजारच्या टेबलावर सहा जण होते आणि सगळे गप्प. प्रभुभोजनाला आम्ही द्राक्षाचा रस आणि भाकरीचा तुकडा घेतो, त्यालाही आमच्या मंडळीत इतकी शांतता कधी झालेली नाही.

मला सवय आहे औषधाची बाटली आधी मागून वाचायची. या सगळ्या दुकानांत मी तेच करत होते आणि दुकानदार चमत्कारिक नजरेनं बघत होते. कॉलेज रोडवरून घेतलेलं एक पाकीट मी रिक्षात उलटं केलं. पुढं सोनेरी इंग्रजी, आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरांत, तयार करणाऱ्याचा पत्ता: तालुका निफाड. खाली फोन नंबर. म्हणजे चामडं, तंबाखू आणि ओली माती, सगळं निफाडहून येत होतं, फक्त चिमटा कॉलेज रोडचा.

मी नंबर लावला. एक बाई बोलली. मागं काहीतरी घरघरत होतं. "या ना मावशी," ती म्हणाली. "फक्त एसटीनं या, रिक्षावाले लय फिरवत्यात."

निफाड

द्राक्षांची तोडणी संपत आली होती. रस्त्यानं क्रेटनी भरलेल्या गाड्या जात होत्या आणि ऊन असं की बसच्या खिडकीचा लोखंडी गज हात लावू देत नव्हता. सारिका, म्हणजे ती फोनवरची बाई, फाट्यावर स्कूटी घेऊन उभी होती. पस्तिशीची, डोक्याला फडकं बांधलेलं. आम्हा दोघींना तिनं दोन फेऱ्यांत घरी नेलं.

बेदाणे निवडायची जुनी खोली तिनं पांढरी रंगवून घेतली होती. आत दोन दगडी ग्राइंडर घरघरत होते, इडलीचं पीठ वाटायचे असतात तेच. त्यात कोको फिरत होता, दोन दिवसांपासून. "केरळातून दाणा येतो," तिनं सांगितलं. "घरीच भाजते, घरीच पाखडते. साखर घातल्यावर अजून एक दिवस फिरवते, मग या फरशीवर थंड करते." घरात एसी एकच होता आणि तो या खोलीत. त्यामुळं तिची सासू कोपऱ्यात चटई टाकून आडवी झाली होती. आम्हाला बघून उठून बसली आणि म्हणाली, "एसी चॉकलेटचा हाय, मी आपली पाव्हणी."

मी नावं ठेवायला काहीतरी शोधत होते. ग्राइंडर स्वच्छ होते. फरशी स्वच्छ होती. तिची नखं कापलेली होती. मला जरा चिडल्यासारखंच झालं.

"मावशी, तुम्ही घ्या ना," तिनं माझ्यापुढं ताटली धरली.

"माझा नेम आहे. गोड नाही खात मी ईस्टरपर्यंत. या बघतील," मी वन्संकडे बोट केलं. "नाशिकात यांच्याशिवाय पंगत बसत नाही."

टेबलावर तीन ताटल्या मांडलेल्या होत्या. एकीत साधं चॉकलेट, एकीत बेदाण्यांचं, मधल्या ताटलीत नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, लाह्या घातलेलं. नागली ती हरसूलच्या आठवडी बाजारातून आणते. चौथी एक ताटली जरा बाजूला, ग्राइंडरच्या कडेला होती. सारिका हात पुसायला वळली तेवढ्यात वन्संनी नेमका त्या चौथीतला जाड तुकडा उचलून तोंडात टाकला. चावला. डोळे मिटले.

"गोडीला अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "याहून एक कणही नको."

सासूला बोलायला माणूस हवंच होतं. तिनं वन्संना द्राक्षांचा मांडव दाखवायला बाहेर नेलं. दार लागलं आणि सारिका त्या ताटलीपाशी थांबली.

"मावशी, आत्यांनी यातलं खाल्लं का?"

"हो. का?"

"यात साखरच नाय. हा नुसता दळलेला कोको हाय, उद्याच्या घाण्यासाठी थापून ठेवलेला. कडूजार असतो. माझ्या नवऱ्यानं चुकून खाल्ला तर दिवसभर थुकत होता." ती हसली, पण माझ्याकडे बघून थांबली. "चेष्टा केली असंल त्यांनी."

वन्सं जेवणाच्या बाबतीत चेष्टा करत नाहीत. मी तिथंच स्टुलावर बसले. खारट आमटी, तीनदा मागवलेली तर्री आणि चामडं ओळीनं डोळ्यांपुढं आलं. बत्तीस वर्षं मी वॉर्डात काढली. पेशंट दारातून आत यायच्या आधी त्याला काय झालंय ते मी सांगत असे. आणि इथं दोन दिवस एका ताटात जेवून मला एवढंच कळलं होतं, की वाघीण म्हातारी झाली.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. एकेचाळीस वर्षांनी माझ्या हातात काहीतरी आलं होतं. नगरला एक फोन केला असता तर रविवारच्या उपासनेआधी नाशिकच्या सगळ्या मंडळीला कळलं असतं, की ज्या जिभेसाठी गाडी पाठवता ती जीभ आता नाही. मी उठून बाहेर गेले.

मांडवाखाली वन्सं पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या. सासू पाणी आणायला गेली होती. वन्सं पदरात द्राक्षाचा घड घेऊन एकेक मणी खात होत्या.

"गोड आहेत का?" मी विचारलं. दुष्टपणानंच विचारलं.

त्यांनी वर पाहिलं.

"असतील," त्या म्हणाल्या.

मी दुसरा क्रेट ओढून बसले. "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधी ताप आला होता ना. आधी वास गेला, मग चव. तिखट तेवढं समजतं, जळतं म्हणून. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. डॉक्टरचं काय जातंय म्हणायला?"

"मग डिसेंबरातली लग्नं?"

"आचाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. तो घाबरलेला असला की काहीतरी जास्त पडलेलं असतं. मग नुसतं विचारायचं, काय रे, मीठ? तो आपण होऊन सांगतो, आत्या, थोडं झालं खरं." त्या जरा हसल्या. मग हसू गेलं. "पण किती दिवस चालेल? लेंट आहे तोवर लग्नं नाहीत. ईस्टर झाला की तीन आहेत. गाडी पाठवतात, कुसुम. खुर्ची ठेवतात. जीभ गेली म्हटल्यावर खुर्ची कोण ठेवतंय? मग पत्रिका येईल मोबाईलवर, सगळ्यांना येते तशी."

मी खाली पडलेला एक मणी उचलून क्रेटच्या कडेला ठेवला.

"तू सांगशील," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. "सांगायला तुझ्याइतकं कारण दुसऱ्या कुणाला नाही."

मला राग आला. कशाचा, ते नीट सांगता यायचं नाही. ज्या जिभेवर मी एवढी वर्षं जळले, ती एका तापात, मला न विचारता निघून जावी याचा असेल. यजमानांच्या मागं या एकट्या बाईकडे काय उरलं होतं, तर दुसऱ्याच्या मांडवातली एक खुर्ची. आणि ती काढून घ्यायला मी निघाले होते, भावजय म्हणवणारी.

मी आत गेले.

"सारिका, त्या तिन्ही ताटल्या इकडे आण."

"मावशी, तुमचा नेम ना?"

"तू तुझं काम कर."

मी तिन्ही खाल्ली. आधी साधं, मग बेदाण्यांचं, मग नागलीचं, आणि नागलीचं पुन्हा एकदा, खात्री करायला. अठ्ठावीस वर्षांचा नेम निफाडच्या बेदाण्याच्या खोलीत, दुपारी, स्टुलावर बसून मोडला. देवाला काय वाटलं ते मी त्याला विचारलेलं नाही. सारिका माझ्याकडे बघत होती, मग तिनं दाराबाहेर वन्संकडे बघितलं, आणि खाली मान घालून चौथी ताटली उचलून फडक्याखाली झाकून ठेवली. मुलगी हुशार आहे.

मी बाहेर येऊन वन्संच्या कानाशी वाकले. "मधली ताटली, नागलीची. बेदाण्याचं गोडमिट्ट आहे, साध्याचा कडवटपणा मागं राहतो. नागलीत मिठाचा कण वाढवायला हवा."

वन्सं माझ्या ओठांकडे बघत होत्या. कडेला चॉकलेट लागलं होतं बहुतेक. त्यांनी आपल्या पदरानं ते पुसलं, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि उठल्या. आत जाऊन खुर्चीवर बसल्या. मधल्या ताटलीतला तुकडा उचलला, तोंडात ठेवला, लग्नात मिटतात तेवढाच वेळ डोळे मिटले.

"हे," त्या म्हणाल्या. "मिठाचा कण वाढव. आणि लाही अजून खरपूस भाज."

लाहीचं मी सांगितलं नव्हतं.

सारिका वहीत लिहून घेत होती, ती थांबली. "बरोबर हाय आत्या. कालची लाही जरा मऊच ऱ्हायली."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "लाहीचं कसं ओळखलंत?" वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दात आहेत की अजून."

ईस्टरला काय झालं ते इथंच सांगून टाकते. नव्वद घरांत ती चॉकलेटं गेली, साध्या कागदात, ससा नाही, रिबन नाही. एकही पांढरं पडलं नाही. विमलताईंनी निवडलंय म्हटल्यावर नाव ठेवायची कुणाची छाती झाली नाही, आणि ईस्टरनंतरच्या तिन्ही लग्नांना वन्संना गाडी आली. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी कौतुकानं विचारलं, "कुसुमबाई, नेम सांभाळलात ना?" मी म्हटलं, मोडला. का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मोह झाला. दोन-तीन बायकांचे चेहरे असे उजळले, की ईस्टरच्या पहाटेही मी कधी बघितले नव्हते. तेवढं त्यांना लाभू द्यावं म्हटलं.

नाशिक रोडचा स्टँड

निघायच्या दिवशी सकाळी वन्सं मला सोडायला स्टँडवर आल्या. मी नको म्हटलं होतं. आम्ही बाकावर बसलो. रेल्वेतून उतरलेली माणसं बॅगा ओढत समोरून जात होती. आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला कधीच काही नसतं, त्या सकाळीही नव्हतं.

वन्सं म्हणाल्या, "कशी होती गं?"

"काय?"

"नागलीची वडी."

"चांगली होती."

"चांगली ही काय चव झाली?" त्या चिडल्या. "इतक्या वर्षांचा नेम मोडलास, आणि चांगली होती म्हणतेस. नीट सांग."

मला सांगता येत नाही चव. मला ताप किती आहे ते सांगता येतं. तरी मी सुरुवात केली. म्हटलं, आधी काहीच नाही, नुसतं थंड लागतं. मग कडेनं विरघळायला लागतं आणि कडू येतं, पण औषधासारखं नाही, भाजलेल्या शेंगदाण्याच्या लालसर सालासारखं. मग गोडी येते, उशिरा.

"किती उशिरा?"

"म्हणजे, येते की नाही असं वाटेपर्यंत."

वन्संनी डोळे मिटले होते. तोंडात काही नव्हतं, पण जबडा किंचित हलत होता. नगरची गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून नगर, नगर करत होता, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चला मावशी, जागा आहे." मी त्याला हातानं जा म्हटलं. गाडी गेली.

"मग?" वन्संनी विचारलं.

"मग दाताखाली नागली येते," मी म्हटलं.